बोटीवरील करड्या सागाची दुरुस्ती : या चुका टाळा

बोटीवरचा साग करडा पडला म्हणजे तो कुजला, असे समजून कामाला हात घालणे ही पहिली चूक होय. अतिनील किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागावरील लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा घटक) सुटते, पावसाने धुऊन जाते आणि उरलेले तंतू करडे दिसू लागतात. हा थर अगदी पातळ असतो आणि त्याखालचे लाकूड बहुधा ठणठणीत असते. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागातून बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज दुरुस्त्या होत होत आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

सर्वाधिक नुकसान प्रेशर वॉशरने होते. सागाच्या वलयांत मऊ आणि कठीण पट्टे एकाआड एक असतात. पाण्याचा झोत मऊ भाग उडवून लावतो आणि कठीण रेषा उंच राहतात. रेषांच्या आडवे बोट फिरवून पाहिल्यास पृष्ठभाग पन्हळीच्या पत्र्यासारखा हाताला लागतो. मग तो सपाट करण्यासाठी पॉलिश पेपर मारला जातो, आधीच पातळ असलेली डेकची फळी आणखी झिजते आणि एक दिवस स्क्रूंवर बसवलेली लाकडी बुचे निघू लागतात. त्यामुळे मऊ ब्रशने, सौम्य साबणाने आणि रेषांच्या आडव्या दिशेनेच घासावे.

तारेचा ब्रश किंवा स्टील वूल तर वापरूच नये, कारण तुटून अडकलेले लोखंडाचे कण गंजतात आणि सागावर काळे ठिपके उठतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातात. मात्र हातमोजे आणि चष्मा घालावा, आजूबाजूचा रंग व धातू आधी पाण्याने भिजवून ठेवावेत आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे.

वॉर्निश सुटण्याचे कारण बहुधा सागाच्या अंगच्या तेलात असते. वॉर्निश लावण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्यावे आणि पहिला हात थिनरने निम्मा पातळ करूनच द्यावा. कोकणात पावसाळा संपला म्हणून लगेच ब्रश उचलू नये, लाकूड पुरते सुकू द्यावे. संध्याकाळी उशिरा दिलेल्या हातावर दव पडले तर चकाकी जाते. उन्हापावसात टिकायचे असेल तर किमान सहा हात लागतात, आणि दोन हातांमध्ये बारीक पेपर हलकेच फिरवावा लागतो. डेकवर मात्र वॉर्निश लावूच नये, कारण ओल्या पायाखाली ते घसरते. तिथे तेलाचाही आग्रह नको. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. माझ्या मते स्वच्छ, करडा डेक मुळीच वाईट दिसत नाही.

कठड्यावरच्या वॉर्निशखाली पांढुरका किंवा काळपट डाग दिसला, तर तिथे पाणी शिरले आहे असे समजावे. त्यावरच नवा हात दिल्यास ओल आत कोंडते; सुटलेला पापुद्रा खरवडून, कडा निमुळत्या करून आणि लाकूड पूर्ण वाळवून तेवढाच भाग पुन्हा पातळ हातापासून भरत आणावा.