आतड्याच्या सुजेत रक्त कमी झाले तर लोह कसे भरून काढावे

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे दोन आजार) असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन घसरले, की घरात आधी मनुके आणि बीट येतात. नाशकात मनुक्यांना तोटा नाही. पण 100 ग्रॅम मनुक्यांत लोह जेमतेम 2 मिलिग्रॅम, त्यातलेही थोडेच अंगी लागते. इकडे आतड्यातून रक्त झिरपत असते. शिवाय सुजेमुळे यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते आणि ते लोहाला रक्तात शिरू देत नाही. मनुके खुशाल खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

आधी रिपोर्ट नीट वाचा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन किती टक्के भरले आहे) आणि सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) एकाच वेळी करा. हिमोग्लोबिन बायकांत 12 आणि पुरुषांत 13 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. फसगत होते ती फेरिटिनमध्ये, कारण सूज असली की ते वाढलेले दिसते. सीआरपी नॉर्मल असताना फेरिटिन 30 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली म्हणजे लोह कमी. सीआरपी वाढलेले असेल तर फेरिटिन 100 पर्यंत असूनही लोह कमी असू शकते, विशेषतः सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल तर. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेले पाहून अनेक जण इथेच थांबतात आणि जिना चढताना धाप लागतच राहते.

बी-12 आणि फोलेटही पाहा, विशेषतः लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल किंवा सल्फासालाझिन, मेथोट्रेक्सेट ही औषधे चालू असतील तर. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलची (रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार) तपासणी राहून जाऊ देऊ नका.

गोळी की सलाईन? आजार शांत आणि हिमोग्लोबिन 10 च्या वर असेल तर गोळी चालते. दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह नको. न शोषलेले लोह आतड्यात राहून पोट बिघडवते. गोळी चहा, दूध, अँटासिडपासून दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. मात्र डांबरासारखी चिकट, दुर्गंधीची असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आजार भडकलेला असेल, हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह. एकूण मात्रा वजन आणि हिमोग्लोबिनवरून ठरते, बहुधा 1000 ते 2000 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण 200 देतात, म्हणजे 1000 साठी पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत 1000 पर्यंत देता येते. सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्याने हा हिशेब डॉक्टरांसमोर जरूर मांडावा. पण कार्बोक्सिमाल्टोजने रक्तातले फॉस्फेट उतरू शकते. नंतर हाडे दुखली, अशक्तपणा वाढला तर ते तपासून घ्या.

अंगात ताप, जंतुसंसर्ग असेल किंवा गर्भारपणाचे पहिले तीन महिने असतील तर सलाईनआधीच सांगा. सुईपाशी आग झाली तर लगेच नर्सला हाक मारा. औषध बाहेर झिरपले तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखले तर सलाईनच्या तारखेची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

पुन्हा तपासा. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान 2 ने वाढायला हवे. फेरिटिन मात्र सलाईननंतर लगेच करू नका, फुगलेले येते; आठ आठवडे जाऊ द्या. पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी. फेरिटिन 100 च्या खाली आले तर पुन्हा लोह द्यायचे का, ते डॉक्टरांना विचारा. भरलेले लोह काही महिन्यांतच उतरले तर शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी तपासणी) करून घ्या: वरून त्रास नसला तरी आत सूज धुमसत असू शकते आणि तेव्हा मूळ आजाराचे औषध बदलावे लागू शकते.