पळसाचा केशरी रंग फोटोत सपाट होत होता, त्यावर उपाय

माळव्यात रानाचे रंग बघायचे तर ऑक्टोबरात नाही, फाल्गुनात. इंदूरहून सिमरोल-चोरलकडे उतरा, पळस फुललेला असतो. (आधी पोहे-जलेबी करत बसलात तर ऊन चढलंच समजा.)

अडचण अशी, की फोटोत फुलांचा नुसता केशरी डाग यायचा, पाकळीवरची लव गायब. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीकच दिसायचा, कारण त्यात हिरव्याला वजन जास्त. तिन्ही रंगांचा वेगळा उघडला, तर लाल उजव्या कडेला थडकलेला, म्हणजे इतका जास्त की त्यातले बारकावेच पुसलेले! एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे १ केलं, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून डेलाइटवर आणला, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढले. लव दिसली, फुलाखालची काळपट मखमली वाटीसुद्धा.

कोशिंबाच्या तांबड्या पालवीला मात्र एवढ्यानं भागलं नाही. पानांवरची चकाकी पोलरायझर (लेन्सपुढचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवल्यावरच गेली.