पोरं रात्री ब्रश करत नाहीत? फोनलाच कामाला लावा

आमच्या फोंड्याच्या घरात मुलगा आठवीत आहे, गेल्या वर्षी दातांना तारा बसवल्या आणि तेव्हापासून रोज रात्री तोच वाद, "ब्रश केलास?" "केला गं!" आणि जाऊन बघावं तर ब्रश कोरडा ठणठणीत. मग एकदा डॉक्टरांनी आरशात दाखवलं, ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, कडेकडेने खडूसारखे पांढरे डाग होते, म्हणजे कीड लागायची पहिली पायरी. मला खरंच वाईट वाटलं. ओरडून काही होत नाही हे कळलं होतंच, म्हणून म्हटलं की दिवसभर हातात असतो तो फोनच वापरून बघू. आता सात-आठ महिने झालेत, काय काय जमलं ते सांगते.

अ‍ॅप डाउनलोड करायच्या आधी एक करा. मुलाला सांगा नेहमीसारखा ब्रश कर आणि तुम्ही गुपचूप वेळ लावा. आमचा 38 सेकंदात बाहेर! लागतात दोन मिनिटं, सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. आकडा बघून त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना, पुढे मला फार बोलावं लागलं नाही.

मग अ‍ॅप. एकच घ्या, चार घेतली तर दोन दिवस खेळतात आणि विसरतात. दोन मिनिटांचा टायमर, आठवण करून देणारा अलार्म आणि कुठल्या दिवशी ब्रश केला त्याची नोंद, एवढं असलं की पुरे. कार्टूनवाली लहान मुलांची, चौदा वर्षांच्या पोराला लाज वाटते. ब्रश डीजे नावाचं एक आहे, ब्रिटनमधल्या एका डेंटिस्टने काढलेलं, ते फोनमधलीच गाणी दोन मिनिटं वाजवतं, या वयाला असलं काहीतरी आवडतं. कुठलं घ्यायचं ते मुलालाच ठरवू द्या, फक्त कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागितली तर देऊ नका, दात घासायला त्याची गरज नाही. आणि काहीच मनासारखं मिळालं नाही तर फोनमधला साधा टायमरसुद्धा चालतो.

पण टायमरला ब्रश कुठे फिरतोय ते कळत नाही ना, ते आपणच शिकवायला लागतं. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येकाला 30 सेकंद. ब्रश हिरडीकडे तिरका धरायचा, साधारण 45 अंशात, आणि हलक्या हाताने. तारा असतील तर तारेच्या वरून वेगळा, खालून वेगळा, आणि मधल्या फटीत तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश घालायचा, आमच्याकडे भाजी-पावाचा लगदा नेमका तिथेच अडकलेला असतो. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, ट्यूबवर 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि शेवटी फक्त थुंकायचं, खळाखळा चूळ भरायची नाही, फ्लोराइड सगळं धुऊन जातं.

अलार्मची वेळ हा कळीचा मुद्दा! आम्ही आधी साडेदहाचा लावला होता, तोपर्यंत पोरगा अर्धवट झोपेत, अलार्म बंद करून कूस बदलायचा. आता नऊ वाजता, जेवण आटोपलं की लगेच, रील्स बघायला बसायच्या आधी, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, गावच्या घरी मात्र सगळं कोलमडतं, घुमट आरत्या रात्री उशिरापर्यंत, मध्ये नेवऱ्या, लाडू चालूच, त्यात सत्तरीत आमच्या घरी रेंज नाही. म्हणून नेटशिवाय चालणारं अ‍ॅप बघा आणि तेवढे दिवस अलार्म पुढे ढकला, बंद करू नका.

आता ज्याने खरा फरक पडला ते सांगते. 2016 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी तारा लावलेल्या 80 मुलांवर एक प्रयोग छापला होता, त्यातल्या निम्म्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, मुलं दर आठवड्याला दातांचे सेल्फी टाकायची आणि चांगल्या पाच जणांची यादी लागायची. वर्षभरात त्या मुलांच्या दातांवर थर कमी, हिरड्या बऱ्या आणि पांढरे डागही कमी दिसले. आम्ही तेच घरच्या घरी केलं, ग्रुपमध्ये आमचा मुलगा, त्याची डिचोलीची मावसबहीण आणि म्हापशाचा आतेभाऊ. रविवारी रात्री फोटो. पहिल्या फोटोत तारेखाली पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती, बहिणीने नुसता बाण काढून पाठवला आणि हा उठून परत ब्रश करून आला! माझ्या शंभर वेळा सांगण्याने जे झालं नाही ते एका बाणाने झालं. फक्त फोटो ग्रुपबाहेर जाता कामा नये, आणि मोठ्यांनी तिथे टोमणे मारायचे नाहीत, नाहीतर ग्रुप दोन दिवसांत थंड पडतो.

एखादा दिवस चुकला म्हणून नोंद तुटली तर रागावू नका हो, उद्यापासून परत सुरू. आणि अ‍ॅप दात तपासत नाही हे लक्षात असू द्या. हिरडीतून रक्त येत राहिलं, दाढ ठणकली किंवा जत्रेतलं खाजं चावताना ब्रॅकेट निघालं तर सरळ डॉक्टर गाठा, बांबोळीला सरकारी डेंटल कॉलेज आहेच. जाताना रविवारचे फोटो सोबत न्या, आमच्या डॉक्टरांनी ते बघूनच सांगितलं की डाव्या बाजूला ब्रश पोचत नाही.

ब्रश बदलायचा अलार्मपण लावून टाका, दर तीन महिन्यांनी, केस आधीच फिसकारले तर त्याआधी. आमचा पुढचा चवथीच्या आदल्या आठवड्यात वाजणार आहे.