इंग्लंडमधील उन्हाळा: मुलांचे शिबिर, मित्र आणि भटकंती

इंग्लंडमधील शाळांना साधारणतः जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुमारे ६ आठवडे सुट्टी असते. म्हणून मुलांच्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून जायचे असेल, तर प्रथम शिबिराची तारीख पक्की करावी आणि उरलेला प्रवास तिच्याभोवती आखावा.

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येते, परंतु ती केवळ नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि ३० दिवसांपर्यंतच. त्यामुळे संस्थेची नोंदणी स्वतः तपासावी, कामाचे स्वरूप सांगणारे पत्र घ्यावे आणि हा हेतू अर्जात स्पष्ट लिहावा. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारा पोलीस पडताळणीचा दाखलाही काढून ठेवावा. स्वयंसेवकाची कोणतीही चौकशी न करणारे शिबिर, माझ्या मते, टाळलेलेच बरे.

शिबिरात कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे थांबू नये, पालकांच्या परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत, आणि एखाद्या मुलाने आपले दुःख सांगितले, तर ते गुपित ठेवण्याचे वचन न देता शांतपणे ऐकून घेऊन मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या कानावर तत्काळ घालावे.

भटकंती शिबिरानंतरच ठेवावी, कारण दिवसभर मुलांमागे धावल्यावर विंडरमेअर सरोवराकाठचे दोन निवांत दिवस खरोखर हवेसे वाटतात. ऑगस्टमध्ये शेजारच्या स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे महोत्सवांमुळे निवास फार महागतो. तेथे मित्राचे घर असेल तरच जावे. मित्रांसाठी पेढे मात्र नेऊ नयेत, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. भडंग किंवा चिवडा न्यावा.