चौघांनी मारलं, एक मेला: खून का सदोष मनुष्यवध? या चुका टाळा

कोल्हापुरात कसबा बावड्यात कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की दहा मिनिटांत दोन वकील आणि पाच न झालेले वकील भेटतात, आणि कुठल्या राड्यात माणूस गेला असला की त्या पाचांचं ठरलेलं असतंय, "पायावर मारलंय की, खून कुठनं होतोय, तीनशे चार पार्ट टू बसणार." म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाच्या कलमाचा दुसरा, हलका भाग. मी इथं ज्युनिअर म्हणून तिसरं वर्ष काढतोय आणि आरोपीच्या घरचे हेच वाक्य घेऊन आमच्या टेबलाशी येतात.

आधी आकडे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते, म्हणजे खुनाच्या ३०२ चं झालं १०३, सदोष मनुष्यवधाच्या ३०४ चं १०५, समान इराद्याच्या ३४ चं कलम ३ मधलं पोटकलम ५ आणि बेकायदा जमावाच्या १४९ चं १९०, त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं. पिक्चरमधलं मॅनस्लॉटर आपल्या कायद्यात नाहीच, आपल्याकडं सदोष मनुष्यवध आहे. आणि ३०४ वेगळं, ३०४ अ वेगळं, ते निष्काळजीपणाचं, मारामारीशी त्याचा संबंध नाही.

आता ते पायावरचं. आंध्रात १९६८ साली गावच्या राजकारणातनं एका ५५ वर्षांच्या माणसाला बसमधनं उतरल्यावर जाड काठ्यांनी मारलं, तो हात जोडून सोडा म्हणत होता तरी थांबले नाहीत, १९ जखमा, बहुतेक हातापायांवरच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. हायकोर्टानं पार्ट टू धरलं, पण सुप्रीम कोर्टानं १९७६ साली पुन्हा ३०२ केलं. का, तर खुनाच्या व्याख्येत तिसरा प्रकार आहे: ठार मारायचं मनात नसलं तरी चालतंय, ती जखम करायचीच होती आणि ती जखम नेहमीच्या क्रमात माणूस मरायला पुरेशी होती, एवढं सिद्ध झालं की बास. हे १९५८ च्या विरसा सिंगच्या केसपासून पक्कं आहे आणि तिथं तर पोटात भाल्याचा एकच वार होता, म्हणजे "एकच मारला" हेही आपोआप वाचवत नाही. म्हणून आमचे सर पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट आला की आधी जखमा मोजत नाहीत, सगळ्या जखमा मिळून मरण यायला पुरेशा होत्या असं डॉक्टरनं लिहिलंय का ते बघतात. तसं नसेल, हाताला लागलेलं दांडकं एकदा घातलं, तयारी नव्हती, एवढंच कळत होतं की यानं माणूस मरू शकतो, तर मग पार्ट टूची चर्चा. तिथं दहा वर्षांपर्यंत, खुनात जन्मठेप किंवा फाशी, फरक केवढा बघा.

दुसरी चूक, "मी फक्त धरलेलं." भावा, धरल्याशिवाय त्यानं मारलं असतं का? समान इरादा असेल तर दोघं पुरतात, आणि १९२५ च्या पोस्टमास्तर खुनाच्या केसपासून बाहेर उभा राहिलेलाही अडकतोय. पण उलट बाजूही आहे, १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की एकाच वेळी दोघांच्या मनात सारखंच आलं म्हणून तो समान इरादा होत नाही, आधी ठरलेलं पाहिजे, मग ते जागेवर का ठरेना. चापट मारायला म्हणून गेले, एकानं अचानक चाकू काढला, बाकीच्यांना चाकूचं माहीतच नव्हतं, तर कोर्ट प्रत्येकाचं वेगळं बघतं आणि कुणी नुसत्या दुखापतीवर सुटतो. पाच किंवा जास्त असले की बेकायदा जमाव येतो, तिथं हात न लावताही जबाबदारी येते. चारच होते आणि १९० लावलंय, तर अजून लोक होते का हे आधी विचारा.

"अचानक भांडण झालं" हा बचाव खरा आहे, पण गाडीला कट मारला म्हणून शिव्या झाल्या, मग घरी जाऊन कोयता आणला आणि पोरं गोळा केली, ह्याला अचानक म्हणत नाहीत. जागेवरच पेटलं तरी सहा जणांनी हातात काही नसलेल्या एकाला तुडवलं तर गैरफायदा घेतला असंच धरतात.

सीपीआरमधनं, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातनं, वेळेत हलवला असता तर वाचला असता, हेही चालत नाही, योग्य उपचारानं वाचला असता तरी मृत्यू त्या मारानंच आला असं कायदा धरतो.

आणि एफआयआरला जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम आहे म्हणून निवांत बसू नका, जखमी गेला की कलमवाढ होते. तेवढ्यात घरचे काय करतात, तर पोराच्या मोबाईलमधला ग्रुप डिलीट करतात. "सगळे रंकाळ्यावर या, आज दाखवूया" हा मेसेज ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये असतोच, आणि वर पुरावा नष्ट केल्याचं कलम वाढतं ते वेगळंच.