जुन्या बाईकचा एक्सलेटर अडकतोय? आधी नेमका कुठे ते शोधा
एक्सलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही म्हटलं की लोक पहिली गोष्ट काय करतात तर दिसेल तिथे स्प्रे मारतात, दोन दिवस गाडी बरी चालते आणि परत तेच. अडकायच्या जागा तीनच, मूठ, केबल नाहीतर कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाची) स्लाइड, म्हणजे केबलने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा दट्ट्या, त्यामुळे आधी जागा पकडायची मग हात घालायचा. आणि चालवताना अडकला तर क्लच दाबून सरळ किल स्विच, नसेल तर चावी बंद, मुठीशी झटापट करत बसू नका.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा, टक्कन आवाज करून परत आली पाहिजे. हेच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून करा. एकाच बाजूला अडकत असेल तर केबल टाकीखाली दबतेय किंवा कुठेतरी ताणली जातेय, मोठा सैल वळसा देऊन परत ओवा, बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

तिन्हीकडे अडकतंय? मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बचं वरचं झाकण उघडा, स्लाइड बाहेर काढा, स्प्रिंग दाबून केबलचं निप्पल (टोकाचा धातूचा मणी) सोडवा. आता केबल हाताने ओढून बघा, खरखर लागली तर दोष तिचाच. मुठीकडचं टोकही सोडवलं की नुसती मूठ फिरवून कळतं.

मूठ जड असेल तर रबर हँडलच्या टोकाला किंवा स्विचच्या डब्याला घासतंय का बघा, थोडी फट ठेवा, हँडलच्या नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांना मुठीखाली एक छोटा स्क्रू असतो, मूठ आहे तिथे धरून ठेवण्यासाठीच दिलेला, तो कुणीतरी आवळून ठेवलेला असतो आणि आपण कार्ब खोलून बसतो!

केबल खरखरत असेल तर काढून उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा छोटा कोन टेपने बांधा, त्यात पातळ ऑइल ओता आणि खालून थेंब पडेपर्यंत राहू द्या. आत नायलॉनचं अस्तर असेल तर मात्र ऑइल नको, ती कोरडीच चालते. निप्पलजवळ तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर नवीन टाका, इथे जुगाड नको.

खरी मजा स्लाइडची. साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब क्लीनरने जातो. बसवताना कापलेली बाजू एअर फिल्टरकडे, खाच आतल्या पिनवर आणि स्लाइडची सुई जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) सरळ, जबरदस्ती अजिबात नको. स्वच्छ करूनही अडकत असेल तर कार्ब इंजिनला धरणारे नट सैल करून बघा, लगेच स्लाइड मोकळी झाली तर नट जास्त आवळल्याने फ्लँज (इंजिनला टेकणारी कार्बची सपाट कड) वाकलाय आणि बॉडी पिळवटलीय, अमल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कार्बवर हे नेहमीचंच. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सरळ करा, नवीन गॅस्केट (जोडातलं पॅकिंग) टाका आणि दोन्ही नट थोडे थोडे, सारखे आवळा. स्लाइडलाच घासायचा मोह होतो, पण जास्त घासली की बाजूने हवा शिरते आणि स्लो (मूठ सोडल्यावरची रेस) कधीच नीट बसत नाही.

सगळं जोडल्यावर मुठीला दोन-तीन मिमी रिकामी फिरकी ठेवा, गाडी स्लोवर चालू करून हँडल दोन्हीकडे वळवा, रेस जराही बदलता कामा नये. आणि स्लाइड टक्कन खाली पडतेय, तरी रेस हळूहळूच उतरतेय, तर ते अडकणं नव्हेच, बहुतेक वेळा इनटेकच्या (कार्ब आणि इंजिनमधल्या) जोडातून हवा ओढली जात असते, तिथलं गॅस्केट नाहीतर रबर तपासा.