भाटकार घराण्याचा माग काढताना: आधी लग्नं, मग जमीन

गोव्यातल्या जुन्या भाटकार, म्हणजे जमीनदार, घराण्याची मालमत्ता शोधताना बहुतेक जण आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा सरकारी नोंदउतारा, काढतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात लग्नांपासून करा. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यानुसार वेगळा करार केलेला नसेल, तर लग्न लागताच नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी बायकोची ठरते. ती निपुत्रिक वारली आणि तिचे आईवडील हयात असले, तर तिच्या वाट्यावर नवऱ्याच्या आधी त्यांचा हक्क येतो. म्हणजे एखादी सून वंशावळीतून सुटली, की अर्ध्या भाटाचा, म्हणजे बागायती जमिनीचा, धागा तुटला.

१९१२च्या नागरी नोंदणी संहितेनंतरचे जन्म, विवाह, मृत्यू तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात मिळतात. छापील दाखल्यावर समाधान मानू नका. रजिस्टरच्या पानाचीच समासासह नकल मागा. जन्माच्या नोंदीशेजारी समासात पुढचं लग्न किंवा मृत्यू लिहिलेला असू शकतो, आणि त्या एका ओळीवरून पुढची पिढी सापडते. त्याआधीच्या काळासाठी ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्मा आणि विवाहाची पुस्तकं आहेत. हिंदू घराण्यांना देवस्थानच्या महाजनांची (सभासदांची) यादी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गावकारांची (सभासदांची) नोंद उपयोगी पडते, पण तिथे पुरुषांचीच साखळी दिसते. मुली आणि सुना नोटरीच्या दस्तांत शोधाव्या लागतात.

नावं फसवतात. पोर्तुगीज लिपिकाने कामतांचं कामोतीम आणि प्रभूंचं पोरोबो केलेलं असतं. ‘श’ साठी एक्स, ‘क’ साठी सी किंवा क्यू. सूचीत प्रत्येक आडनाव तीन-चार स्पेलिंगांनी पाहा. लग्नात नाव बदललेली स्त्री दोन दस्तांत दोन वेगळ्या बायका वाटते. बापाचं नाव आणि माहेरचं गाव जुळलं तरच ती एकच माना.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे इन्व्हेंतार. माणूस वारल्यावर न्यायालयात चाललेल्या या वाटणीच्या प्रकरणात कबेस द कझाल, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहणारा जोडीदार किंवा वारस, सगळे वारस, त्यांचे जोडीदार आणि एकेक मालमत्ता नोंदवतो. एक पूर्ण फाइल हाती आली तर महिन्यांची वणवण वाचते. मृत्यूचं साल ठाऊक असेल तर त्यापुढची काही वर्षं त्या भागाच्या न्यायालयात शोधा. वाटणी न झालेल्या घरात नोटरीकडचं वारसपत्र पाहा. त्यात वारसांची नावं असतात, जमिनीचे वाटे नसतात.

जमिनीसाठी भू-नोंदणी कार्यालयात दोन पुस्तकं पाहावीत. ‘बी’ मध्ये मालमत्तेचं वर्णन, ‘जी’ मध्ये मालकाच्या नावाची नोंद. दस्तातला वर्णन क्रमांक, पुस्तकाचा खंड आणि पान हे तिन्ही उतरवून घ्या. एकही चुकला तर कारकून हात वर करतो. जुन्या वर्णनात सर्व्हे क्रमांक नसतो. भाटाचं नाव, मात्रीझ (करनोंदीचा) क्रमांक आणि चार दिशांच्या सीमा एवढंच असतं. पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला व्हाळ (ओढा). आजच्या सर्व्हे क्रमांकाशी गाठ घालायची ती या सीमांवरूनच. शेजाऱ्याचं भाट आज कोणाकडे आहे ते आधी ठरवलं तर काम सोपं होतं.

एक-चौदावर कूळ किंवा मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव दिसलं तर लगेच बळकावल्याचा निष्कर्ष काढू नका. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने १९७६ मध्ये कसणारी कुळं मालक झाली. ती शेतं कायद्यानेच घराण्याबाहेर गेली. तसंच दस्तात फोर (जमिनीचा वार्षिक खंड) भरल्याचा उल्लेख असेल तर जमीन मुळात कोमुनिदादची असू शकते. कोमुनिदादच्या कार्यालयातली आफोरामेंतची (कायम भाडेपट्ट्याची) फाइल पाहिल्याशिवाय ती जमीन घराण्याच्या यादीत धरू नये.

विक्रीखत सापडलं की शेवटचं पान आधी उघडा. भावाची सही आहे आणि वहिनीची नाही, असं असेल तर ती त्या वेळी हयात होती का हे मृत्यूनोंदीत तपासा, आणि मगच ती जमीन खरोखर विकली गेली असं लिहा.